तिची कहाणी आणि तिचं काम

हिराबाई पेडणेकर १८८५ साली सावंतवाडीत जन्मल्या. घर गाणाऱ्या नायकिणींचं. मुंबईत, गिरगावात त्या वाढल्या, मिशनच्या शाळेत शिकल्या, भास्करबुवा बखल्यांकडे गाणं शिकल्या आणि मासिकांतून कविता-गोष्टी लिहू लागल्या. १९०४ साली त्यांनी ‘जयद्रथ विडंबन’ हे नाटक लिहिलं. त्यानंतरचं त्यांचं ‘संगीत दामिनी’ केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्श मंडळीनं १९१२ साली रंगभूमीवर आणलं. स्त्रियांच्या भूमिकाही बहुतेक पुरुषच करत होते, मंडळीच्या बिऱ्हाडात बाईला जागा नव्हती, असा तो काळ. त्या काळात एका नावाजलेल्या मंडळीनं एका बाईचं नाटक बसवावं, त्याच्या तालमी घ्याव्यात, तिकिटं लावून प्रयोग करावेत, ही मराठी रंगभूमीच्या इतिहासातली लहान घटना नव्हे. पण हिराबाई आपल्याला आज कशामुळे ठाऊक आहेत? देवल, कोल्हटकर, गडकरी यांच्या स्नेहातली एक रसिक गाणारी बाई म्हणून. त्यांच्या आयुष्यावर वसंत कानेटकरांनी ‘कस्तुरीमृग’ लिहिलं म्हणून. प्रतिष्ठेची ओढ, तिनं दिलेली हुलकावणी आणि शेवटी गुहागरजवळच्या पालशेतला जाऊन राहणं, ही सगळी कहाणी आपल्याला सांगता येते. ‘दामिनी’त काय आहे, हे मात्र नाटकवेड्या माणसालाही चटकन सांगता येत नाही. बाईनं लिहिलेलं नाटक मागं पडलं आणि नाटक लिहिणारी बाई नाटकाचा विषय होऊन पुढं आली.

कानेटकरांना दोष द्यावा असं यात काही नाही. त्यांना एका आयुष्यात नाट्य दिसलं, ते त्यांनी लिहिलं आणि त्यामुळे हिराबाईंचं नाव निदान शिल्लक राहिलं. प्रश्न एका नाटककाराचा नाही, आपल्या सगळ्यांच्या सवयीचा आहे. रंगभूमीवरच्या बाईचं आयुष्य आपण शंभर वर्षं फार आवडीनं मागून घेत आलो. तिचं काम मात्र त्या आवडीनं मागितलं नाही. नट भेटला की आपण त्याला विचारतो, अमुक भूमिका कशी उभी केलीत? नटी भेटली की विचारतो, घरच्यांनी परवानगी दिली का, मुलांचं कसं केलंत, लोक काय म्हणाले? हे प्रश्न आपुलकीनं विचारलेले असतात हे मला मान्य आहे. पण त्यांची उत्तरं साठत गेली आणि दुसऱ्या प्रश्नांची साठली नाहीत, तर पन्नास वर्षांनी हाती काय उरतं? आवाज कसा लावला, ठेहराव कुठं घेतला, संहितेतली कोणती ओळ गाळायला लावली, कोणत्या प्रवेशासाठी दिग्दर्शकाशी भांडण झालं, हे ज्ञान त्या बाईबरोबर निघून जातं. मागं उरते ती सोसण्याची कहाणी. सोसण्याच्या कहाण्या एकमेकींसारख्या दिसू लागतात आणि मग एक बाई दुसरीपासून वेगळी ओळखू येईनाशी होते. कामानं मात्र प्रत्येकीला स्वतःचा चेहरा दिलेला असतो.

हंसा वाडकरांचं उदाहरण घ्या. त्या मुख्यतः पडद्यावरच्या, पण नटीच्या आत्मकथेचा विचार त्यांना वगळून करता येत नाही. त्यांनी सांगितलेलं आणि अरुण साधूंनी शब्दांकित केलेलं ‘सांगत्ये ऐका’ १९७० साली पुस्तकरूपानं आलं आणि मराठी वाचक हादरला. इतक्या उघडेपणानं कुणी बोललं नव्हतं. १९७७ साली त्यावरून श्याम बेनेगलांनी ‘भूमिका’ केला, स्मिता पाटील यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुस्तकही मोठं, चित्रपटही मोठा. पण या दोन्हींवर गेल्या अर्धशतकात जी चर्चा झाली ती आठवून पाहावी. ती दारूबद्दल आहे, पुरुषांबद्दल आहे, घर सोडण्याबद्दल आणि घराच्या ओढीबद्दल आहे. १९४१ साली ‘संत सखू’ करणारी नटी १९४७ साली ‘लोकशाहीर रामजोशी’तली बया कशी होऊ शकली, ही चर्चा त्यात कुठं आहे? भक्तीनं वाकलेली मान आणि फडावरची ताठ मान, दोन्ही एकाच देहातून काढायच्या, तेही सहा वर्षांच्या अंतरानं. अभिनयाचा अभ्यास करणाऱ्या मुलामुलींसमोर ठेवावा असा हा धडा आहे. तो आपण आत्मकथेच्या दिव्यात पाहिलाच नाही, कारण त्या दिव्याचा झोत सतत शयनगृहाकडे वळवलेला होता.

विठाबाई नारायणगावकरांच्या बाबतीत तर ही सवय फार ठळक दिसते. विठाबाईंचं नाव निघालं की महाराष्ट्रात एकच प्रसंग सांगितला जातो. फडावर नाचत असताना कळा आल्या, मागं जाऊन त्या बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा प्रेक्षकांसमोर उभ्या राहिल्या. सांगणाऱ्याचा गळा दाटून येतो, ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो, आणि गोष्ट तिथंच थांबते. पण विठाबाई त्या रात्री नाचण्याआधीही मोठ्या कलावंत होत्या आणि त्यानंतरही. लावणीतला एक शब्द पाच वेळा आळवून पाचही वेळा त्याचा अर्थ बदलणं, वगात उभ्याउभ्या संवाद रचत समोरच्या सोंगाड्याला उत्तर देणं, हजारोंच्या कनातीत शेवटच्या माणसापर्यंत नजर पोचवणं, ही तमाशातली विद्या आहे. तिचे पाठ पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी एकमेकींना दिले. वग बहुधा तोंडीच घडत जाई, त्यामुळे त्यातला बायकांचा वाटा कुणी नाटककाराचा वाटा म्हणून मोजला नाही. राज्य शासन तमाशातल्या ज्येष्ठ कलावंतांना विठाबाईंच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार देतं, हे चांगलंच आहे. तरीही ज्या बाईच्या नावानं पुरस्कार आहे तिच्या अदाकारीचं नीट वर्णन करता येईल असे प्रेक्षक आता कमी होत चालले आहेत, आणि ज्यांनी पाहिलं त्यांना कुणी बसवून विचारलेलं नाही.

बायकांनीच आपल्याबद्दल तसं सांगितलं, त्यांना कामाबद्दल बोलायचं नव्हतं, असं कुणी म्हणेल. पुस्तकं समोर ठेवली तर हे टिकत नाही. ललन सारंग यांच्या एका पुस्तकाचं नावच ‘मी आणि माझ्या भूमिका’ आहे, दुसऱ्याचं ‘नाटकांमागील नाट्य’. १९७२ साली ‘सखाराम बाइंडर’मधली चंपा त्यांनी केली. त्या नाटकावर बंदी आली, प्रकरण न्यायालयात गेलं. चंपा करणाऱ्या बाईला तेव्हा आणि नंतरही विचारलं गेलं ते धाडसाबद्दल. खरं तर विचारायचं होतं ते नशेतल्या बाईच्या तोलाबद्दल, तिच्या हसण्यातल्या तिरस्काराबद्दल, आणि प्रेक्षक आपल्याकडे काय बघायला आलाय हे ठाऊक असताना त्याची नजर व्यक्तिरेखेकडे परत वळवायच्या कसबाबद्दल. सई परांजपे यांनी ‘जास्वंदी’, ‘सख्खे शेजारी’, ‘माझा खेळ मांडू दे’ ही नाटकं लिहिली, स्वतः बसवली. त्यांच्या ‘सय’ या आठवणींच्या पुस्तकाला उपशीर्षक आहे ‘माझा कलाप्रवास’. या पुस्तकात काय मिळेल आणि काय शोधू नये, हे त्यांनी दारातच सांगून ठेवलं. आणि विजया मेहतांचं २०१२ सालचं ‘झिम्मा’ तर नाटक कसं उभं राहतं याचीच कथा आहे. अल्काझी आणि अदि मर्झबान यांच्याकडचं शिक्षण, १९६० साली सुरू झालेलं ‘रंगायन’, फ्रिट्झ बेनेविट्झ यांच्याबरोबर ब्रेश्टचा ‘अजब न्याय वर्तुळाचा’ मराठी लोकनाट्याच्या अंगानं बसवणं, ‘बॅरिस्टर’, ‘वाडा चिरेबंदी’: एका दिग्दर्शिकेनं आपला विचार कसा घडत गेला हे त्यात क्रमानं मांडलं आहे. मराठीत दिग्दर्शनावर फार थोडी पुस्तकं आहेत. ‘झिम्मा’ त्यांतलं एक आहे, आणि ते त्याच कपाटात ठेवलं पाहिजे. पुष्कळ ठिकाणी ते नुसतं ‘आत्मचरित्र’ या कपाटात जाऊन बसतं. डॉ. लागूंचं ‘लमाण’ आपण अभिनयावरचं पुस्तक म्हणून हातात घेतो. तोच मान या पुस्तकांना का मिळू नये?

बाईला तिच्या आयुष्याचा जाब विचारण्याची ही खोड नाटकवाल्यांना अपरिचित नाही. तेंडुलकरांनी १९६७ साली नेमकी तीच रंगमंचावर मांडली. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये एक हौशी नाट्यसंस्था प्रयोगाआधी वेळ घालवायला खोटा खटला रचते आणि आरोपीच्या पिंजऱ्यात आपल्यातल्याच एका नटीला उभी करते. लीला बेणारे शिक्षिका आहे, नट म्हणून संस्थेत आली आहे. खेळ तिच्या खाजगी आयुष्याची उलटतपासणी कधी होऊन जातो ते कुणाच्या लक्षात येत नाही, किंवा सगळ्यांच्या लक्षात येतं आणि कुणी थांबवत नाही. त्या मंडळींतल्या एकालाही बेणारेच्या अभिनयाबद्दल, तिच्या शिकवण्याबद्दल काही म्हणायचं नसतं. सुलभा देशपांड्यांनी ती भूमिका अजरामर केली, असं आपण म्हणतो. पण सुलभाताईंनी अरविंद देशपांड्यांबरोबर ‘आविष्कार’ उभी केली, ‘चंद्रशाला’मधून मुलांच्या कित्येक तुकड्या रंगभूमीसाठी घडवल्या, ‘दुर्गा झाली गौरी’सारखं नाटक वर्षानुवर्षं नव्यानव्या मुलांना घेऊन चालू ठेवलं. मुलांना नाटक कसं शिकवावं याबद्दल त्यांच्याइतकं ज्ञान महाराष्ट्रात फार थोड्यांकडे होतं. त्यातलं किती कागदावर उतरलं?

आता सगळ्यात जुना आक्षेप घेऊ, कारण तो सगळ्यात वजनदार आहे. बायकांनी नाटकं लिहिली कमी आणि जी लिहिली ती कच्ची, मग रंगभूमीनं ती का सांभाळावी? संख्येची गोष्ट खरी आहे. कच्चेपणाबद्दलही मी वकिली करणार नाही. सगळी नाटकं उत्तम होती असं म्हणणं त्या लेखिकांचाही अपमान ठरेल. पण नाटक पिकतं कुठं? कादंबरी घराच्या कोपऱ्यात, सगळी निजल्यावर लिहून पुरी करता येते. नाटक तालमीत पुरं होतं. संगीत नाटकांच्या काळात लेखक मंडळीच्या बिऱ्हाडात जाऊन राहायचा, नटाचा गळा ऐकून पद बदलायचा, पहिल्या प्रयोगानंतर प्रवेश छाटायचा. ते दार घरंदाज बाईला बंद होतं. हिराबाईंना ते थोडं किलकिलं झालं, कारण त्या त्या घरंदाजपणाच्या बाहेर होत्या आणि गाणं जाणत होत्या. त्याच काळातल्या गिरिजाबाई केळकरांची गोष्ट वेगळी. खाडिलकरांच्या ‘बायकांचे बंड’ला उत्तर म्हणून त्यांनी १९१३ साली ‘पुरुषांचे बंड’ लिहिलं. केवढी हिंमत होती ही! त्या काळच्या सर्वांत दबदबा असलेल्या नाटककाराला त्याच्याच माध्यमात, त्याच्याच शीर्षकाला उलटं करून दिलेलं उत्तर. जळगावच्या भगिनी मंडळात त्यांनी बायका जमवल्या, आणि १९२८ साली नाट्यसंमेलनाच्या अध्यक्षस्थानी त्यांची निवडही झाली. म्हणजे मान देताना महाराष्ट्र कंजूष नव्हता. खुर्ची दिली. रंगमंच द्यायला मात्र तो मागं राहिला. ज्या लेखिकेचं नाटक वर्षानुवर्षं गावोगाव खेळलं जात नाही तिला आपली चूक प्रेक्षकांच्या खोकल्यातून आणि चुळबुळीतून कळत नाही, आणि मग तिचं दुसरं नाटकही पहिल्याच जागी अडखळतं. दुर्लक्षामुळे कच्चेपण राहिलं आणि त्या कच्चेपणाचंच कारण पुढे दुर्लक्षासाठी दिलं गेलं. मुक्ताबाई दीक्षितांचं ‘जुगार’, मालतीबाई बेडेकरांचं ‘पारध’, ज्योत्स्ना भोळ्यांचं ‘आराधना’, शांता गोखल्यांचं ‘अविनाश’ ही नावं मधूनमधून येत राहतात आणि प्रत्येक वेळी आपण जणू पहिलीच स्त्री नाटककार भेटल्यासारखं आश्चर्य करतो. मागच्या बाईचं नाटक पुढच्या बाईच्या हातात पडलेलंच नसतं, तिला दर वेळी पायापासून सुरुवात करावी लागते.

दुसरा आक्षेप मला अधिक अडवतो. कोणी म्हणेल, बाईच्या बाबतीत आयुष्य आणि काम असं वेगळं करणं हीच मोठी फसवणूक आहे. पुरुषाला घर मागं ठेवून तालमीला जाता आलं, म्हणून त्याला कलेबद्दल निर्मळपणे बोलता येतं. बाईला येत नाही, कारण तिच्या कामात तिचं घर, देह, बाळंतपण, बदनामी सगळं मिसळलेलं असतं. ते गाळलं तर उरलेलं काम खोटं होईल. हा मुद्दा मला पटतो आणि त्यानं माझं म्हणणं थोडं बदलतं. आयुष्य बाजूला सारा, असं मी म्हणत नाही. आयुष्याला कामाचे प्रश्न विचारा, असं म्हणते. विठाबाईंचा तोच प्रसंग घ्या. अंगावर काटा येऊ द्या, पण तिथं थांबू नका. दिवस भरलेल्या बाईला त्या रात्री उभं राहावं का लागलं? तिची जागा घेणारी दुसरी नटी फडात का नव्हती? प्रयोग मोडला असता तर फडातल्या किती माणसांची चूल अडली असती, सुपारी देणाऱ्यानं काय केलं असतं, पैसे कुणाच्या हाती पडत होते? आणि त्या अवस्थेत परत फडावर येऊन तिनं नेमकं काय म्हटलं, कसं म्हटलं? या प्रश्नांनी ती कहाणी सोसण्याच्या पुराणातून बाहेर निघते आणि तमाशाच्या अर्थव्यवहाराचा, कलावंताच्या हक्काचा दस्तऐवज होते. हंसाबाईंचं पुस्तकही असं वाचता येतं. पोरवयापासून घर चालवणारी एक नटी, तिचे करार, तिची कमाई आणि त्या कमाईवर कुणाचा ताबा होता, हे सगळं त्यात आहे. रीना मोहन यांच्या ‘कमलाबाई’ या माहितीपटात नव्वदीतल्या कमलाबाई गोखले बोलतात. फाळक्यांच्या १९१३च्या ‘मोहिनी भस्मासुर’पासून पडद्यावर आलेलं ते आयुष्य. त्यात म्हातारपण आहे, एकटेपण आहे, पण संवाद म्हणताना तो आवाज जिथं उभा राहतो तिथं अख्खी एक अभिनयपद्धती ऐकू येते. विचारणारीनं ऐकण्याची तयारी ठेवली होती, म्हणून ती टिपली गेली.

बाईच्या आयुष्याचं नाटक करायलाच माझी हरकत आहे, असंही कुणी समजू नये. सुषमा देशपांडे यांनी १९८९ पासून ‘व्हय मी सावित्रीबाई’ महाराष्ट्रभर केलं. स्वतः लिहिलं, स्वतः उभं राहून सांगितलं. तमासगीर बायकांच्या जगण्यावरचं ‘तिच्या आईची गोष्ट अर्थात माझ्या आठवणींचा फड’ही त्यांचंच. त्यात तमाशातली बाई दयेचा विषय होत नाही, ती आपल्या कलेची जाणकार म्हणून आपल्याशी बोलते, तिला गाणं कळतं, प्रेक्षक कळतो, आणि समोरच्याची लबाडी तर फारच लवकर कळते. फरक कसा पडला? विचारणारी बाई स्वतः त्याच धंद्यातली होती. तिला सावित्रीबाईंच्या दुःखाइतकंच त्यांचं शिकवणं महत्त्वाचं वाटलं. ज्योती म्हापसेकर यांचं ‘मुलगी झाली हो’ १९८३ सालचं. स्त्री मुक्ती संघटनेच्या बायकांनी ते चाळींत, वस्त्यांत, शाळांच्या पटांगणात, गावच्या चावडीसमोर केलं, दुसऱ्या भाषांतही ते गेलं. त्याला प्रचाराचं नाटक म्हणून कडेला ठेवलं जातं. प्रचार त्यात आहेच. पण पडदा नाही, विंग नाही, दिवे नाहीत, प्रेक्षक येताजाता थांबलेला, आणि तरी ओव्या-पदांच्या जोरावर त्याला शेवटपर्यंत धरून ठेवायचं, ही रचना साधी नाही. नाट्यशास्त्राच्या वर्गात बादल सरकारांचा तिसरा रंगमंच शिकवतात, तिथं एक तास या नाटकालाही द्यायला हवा. आणि आजच्या इरावती कर्णिक, मनस्विनी लता रवींद्र यांच्याशी बोलताना ‘बाई म्हणून लिहिताना कसं वाटतं’ हा प्रश्न एकदा तरी बाजूला ठेवावा. ‘गाशा’सारख्या काश्मीरवरच्या नाटकाची संहिता घडताना दिग्दर्शकाबरोबर काय वाद झाले, ‘अमर फोटो स्टुडिओ’तला काळाचा उलटसुलट प्रवास कागदावर कसा आखला, हे विचारावं. त्यांना सांगण्यासारखं पुष्कळ आहे आणि त्या दोघी आज आपल्यात आहेत.

म्हणून ज्यांच्या हाती काही करणं आहे त्यांच्याकडे मागणं आहे. दिवाळी अंकाच्या संपादकांनी नटीची मुलाखत छापताना निम्मी पानं एका भूमिकेला द्यावीत. नाट्यसंस्थांनी ‘दामिनी’, ‘पुरुषांचे बंड’, ‘जुगार’ यांचं अभिवाचन करावं, आवडलं नाही तर तसं मोकळेपणानं म्हणावं; नाटक वाचून नापसंत करणं हाही त्याचा मान आहे. आणि वाचकहो, तुमच्या घरी आजीच्या ट्रंकेत महिला मंडळाच्या गॅदरिंगसाठी, गणेशोत्सवासाठी लिहिलेल्या नाटुकल्यांच्या वह्या असतील, कुणाच्या भूमिकेची नक्कल उतरवलेले पिवळे कागद असतील, कडेला पेन्सिलीनं ‘इथं थांबणे’ असं लिहिलेलं असेल. ते रद्दीत घालू नका. जवळच्या ग्रंथसंग्रहालयाला विचारा, मुंबईत बायकांच्या आयुष्याचे आणि कामाचे कागद, आवाज, चित्रं जपणारी ‘स्पॅरो’ ही संस्था १९८८ पासून आहे, तिला विचारा. आणि आजी अजून असेल तर आज संध्याकाळी तिच्याजवळ बसा, आणि त्या नाटकात तिनं कोणतं काम केलं होतं ते तिच्याकडून करून घ्या.